जास्तीचा शब्द

नागपूर शहर मी नीट असं एकदाच पाहिलं. एका दिवसात, एकट्यानं, खात-पीत, रमतगमत. पारशिवनी हे माझं गाव तिथून एस.टी.नं दोनेक तासांवर. शिकायला मी वर्ध्याला मामांकडे होतो आणि नोकरीला जळगावला, त्यामुळे नागपूर म्हणजे आमच्यासाठी गाडी बदलायची जागा. त्या एका दिवशी मात्र मी ते हौशी पाहुण्यासारखं पाहिलं. त्याच दिवशी दुपारी एक-सव्वाच्या सुमारास पारशिवनीला आमच्या घरी माझी आई गेली. मला बोलावणारी तार तेव्हा माझ्या खिशात होती.

असं कसं झालं, ते सांगायचं तर आधीच्या एका तारेपासून सुरुवात करावी लागेल.

त्या दिवसाच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो, वय सत्तावीस, लग्न नको म्हणून अडून बसलेला. एका दुपारी साइटवर तार आली: मदर सीरियस स्टार्ट. हातातली टेप तिथंच टाकून मी निघालो. रात्रभर जनरलच्या डब्यात संडासाच्या दाराशी उभा राहून आलो. देवधर्माशी माझं फारसं सख्य नव्हतं, पण त्या रात्री आठवतील तेवढ्या देवांना नवस बोललो. घरी पोचलो तर आई नवं लुगडं नेसून चुलीपुढे भजी तळत होती. ओट्यावर चार पाहुणे बसलेले. आत एक मुलगी पोह्यांच्या बशा मांडत होती. मामांनी पाठीवर थाप मारून सांगितलं की तुला दुसऱ्या कशानं आणता आलं असतं, म्हणून तार ठोकली.

आमच्याकडे यात कुणाला फारसं काही वावगं वाटायचं नाही. नोकरीवरचा मुलगा सुट्टी घेत नाही, त्याला मुलगी दाखवायची आहे, मग आईला कागदावर आजारी पाडायची. साहेब लगेच रजा देतो, मुलगा धावत येतो, आणि एकदा लग्न झालं की हीच गोष्ट हसत हसत सांगितली जाते. गावात तीन-चार लग्नं तरी अशा तारेनं जमलेली मला माहीत होती.

मला मात्र हसता आलं नाही. माझा राग पहिल्यापासून नाकावर, त्यात रात्रभराची धास्ती. पाहुण्यांसमोर नको ते बोललो. ती मुलगी मान खाली घालून उभी होती, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवी उचलली आणि परत एस.टी.ची वाट धरली. आई मागून अनवाणी आली. भज्यांचा डबा तिनं बसच्या खिडकीतून पुढे केला. तो मी घेतला नाही. म्हणालो, "पुन्हा अशी तार पाठवलीस तर तू खरंच मेलीस तरी मी येणार नाही." तिनं तोंडावर हात ठेवला. बस सुटली.

त्यानंतर दोन वर्षं मी घरी गेलो नाही. पैसे पाठवत होतो, चार ओळींचं कार्ड टाकत होतो. आईला लिहिता येत नसे, तिच्या वतीनं धाकटा भाऊ लिहायचा. प्रत्येक कार्डाच्या शेवटी एकच मजकूर असायचा: आई म्हणते, राग सोडून दे. मी तो वाचायचो आणि कार्ड उशीखाली ठेवायचो. रागाचं एक विचित्र असतं, तो ओसरल्यावरही माणूस इरेला पेटून तसाच बसून राहतो.

दुसरी तार मे महिन्यात आली. लग्नसराईचे दिवस, रोज कुठे ना कुठे वाजंत्री. तारेत चार शब्द होते: मदर सीरियस रिअली स्टार्ट.

मी हसलो, हे आज लिहायला नको वाटतं. पण खरोखरच हसलो. तारेला शब्दागणिक पैसे पडतात, तिथं माणूस एकेक शब्द वाचवतो. खरं सांगणाऱ्याचं तीन शब्दांत भागतं. वर 'रिअली' लावायची गरज खोटं बोलणाऱ्यालाच पडते, असं मी ठरवून टाकलं. मामांची अक्कल एवढीच चालणार, असंही वाटलं. तरी रजा मागितली आणि गाडीत बसलो. पोटात कुठेतरी शंका होती म्हणूनच बसलो असणार. पण रात्रभर डब्यात तेच मागचं आठवत राहिलं. ओटा, पाहुणे, पोहे, मामांची थाप. नागपूर येईपर्यंत शंका विरघळून गेली होती आणि राग पुन्हा ताजा झाला होता.

सकाळी सातला उतरलो. वेटिंग रूममध्ये आंघोळ केली, स्वच्छ शर्ट घातला आणि एस.टी. स्टँडवर आलो. आठची पारशिवनी गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून गावांची नावं ओरडत होता. आत जागा होती, खिडकीचीसुद्धा. तिथं उभ्या उभ्या माझ्या डोक्यात बेत शिजला. मुली पाहण्याचा कार्यक्रम आमच्याकडे ऊन उतरल्यावर, चारच्या पुढे असतो. मी पाचच्या गाडीनं निघालो तर सातला पोचेन. तोवर मुलीकडचे ताटकळून निघून गेलेले असतील. मामांचं तोंड बघण्यासारखं होईल. बसू देत वाट पाहत एक दिवस. मी कंडक्टरकडे पाठ फिरवून सीताबर्डीकडे चालू लागलो.

बर्डीवर एका गाड्यापाशी चनापोहे खाल्ले. वर ती लालभडक तर्री, कांदा, लिंबू. जळगावला पोहे मिळत, पण असे नाहीत. दोन वर्षं जिभेला हे लागलं नव्हतं, म्हणून आणखी एक प्लेट घेतली. मग किल्ला बघावा म्हणून टेकडीकडे गेलो तर फाटकावरच्या जवानानं हातानंच परत फिरवलं. किल्ला लष्कराकडे, वर्षातून एक-दोन दिवस लोकांना उघडतात, हे जन्मानं नागपूर जिल्ह्यातल्या माणसाला माहीत नव्हतं. जवान हिंदीत म्हणाला, पंद्रह अगस्त को आना. मी खाली उतरून महाराजबागेत गेलो.

महाराजबागेत वाघ होता. तो बघायचं आईचं फार मनात होतं. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पेंचचं जंगल. थंडीच्या दिवसांत कधी कधी वाघाचा आवाज गावापर्यंत येई. आई अंथरुणात उठून बसायची आणि आम्हाला जवळ ओढायची. ती म्हणायची, "जनमभर आवाज आयकला याचा, तोंड नाही पाह्यलं. एकदा मले नागपूरले नेऊन दाखव." मी कॉलेजात असल्यापासून तिला हो म्हणत आलो होतो. नेलं कधीच नाही.

पिंजऱ्यातला वाघ भिंतीच्या सावलीत एका कुशीवर पडला होता. एका माणसानं बादलीभर पाणी त्याच्या अंगावर फेकलं, तरी त्यानं नुसता कान हलवला. फरशीवरचं पाणी बघता बघता वाळून गेलं. मी तिथं बराच वेळ उभा होतो. आईला हा वाघ पाहून काय वाटेल याचा विचार करत होतो. इतकी वर्षं ज्याला भ्याली, तो हा असा. एकदा मनात आलं की तार खरी असली तर? घड्याळ पाहिलं, दहा वाजून गेले होते. अकराची गाडी मिळाली असती. मग तो जास्तीचा शब्द आठवला, आणि मी स्वतःलाच म्हणालो की बावळटासारखा पुन्हा फसू नकोस. दिवाळीत आईला इथं घेऊन यायचं, हे मात्र तिथल्या तिथं पक्कं केलं.

तिथून अजब बंगल्यात गेलो. सरकारी संग्रहालयाला सगळं नागपूर याच नावानं ओळखतं. उन्हाचे चटके बसायला लागले होते, त्यामुळे मी तिथं गेलो तो वस्तूंसाठी कमी आणि जाड भिंतींसाठी जास्त. कोरलेले दगड, जुन्या तलवारी, भुसा भरलेले पक्षी. सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी काचेचे मणी. एका दालनात छताचा पंखा होता. त्याखालच्या बाकावर मी तासभर बसून राहिलो, थोडी डुलकीही काढली. पहारेकऱ्यानं उठवलं तेव्हा जेवायची वेळ झाली होती. सायकलरिक्षा केली आणि इतवारीकडच्या एखाद्या सावजी खाणावळीकडे घे म्हटलं.

रिक्षावाला बोलका होता. कुठले, काय करता, एकटेच काहून फिरता, असं सगळं विचारून झालं. मी सांगितलं की घरचे मुलगी दाखवायला बोलावत आहेत आणि मी मुद्दाम उशीर करतो आहे. तो खूप हसला. त्यालाही असंच फसवून बोलावलं होतं म्हणे, बाप मेल्याची खबर देऊन. तो आला तर बाप मांडव घालत होता. आम्ही दोघंही हसत हसत कोष्ट्यांच्या वस्तीत शिरलो. दोन्ही बाजूंच्या घरांतून हातमागांची खटखट ऐकू येत होती.

खाणावळ म्हणजे एका विणकराच्या घराची पुढची खोली. जमिनीवर पाट, पितळी ताटं, आत चुलीशी बाई, बाहेर वाढायला तिचा नवरा. मटणाचा रस्सा काळपट लाल, वर तेलाचा थर. पहिल्याच घासाला कानातून वाफा निघाल्या. डोळ्यांतून, नाकातून पाणी. तो माणूस दुसऱ्या वाढीला आला तेव्हा मी हातानंच आणखी घाला म्हणून खूण केली. भिंतीवर घड्याळ होतं. सव्वा वाजला होता. पुढे भावानं वेळ सांगितली तेव्हा मला पहिलं ते घड्याळ आठवलं, आणि माझा तो पुढे केलेला हात.

भरल्या पोटी माणसाचा राग टिकत नाही. जेवून बाहेर आलो तेव्हा मला आईची दया यायला लागली होती. मामांच्या नादी लागून बिचारी फसते, असं वाटलं. तिच्यासाठी काही घ्यावं म्हणून भांड्यांच्या गल्लीत गेलो. हातगाड्या, हमाल, तांब्या-पितळेचा ठणठणाट. एक पितळी गडवा घेतला, पाण्याचा, छान गोल पोटाचा. तो तिच्यापुढे ठेवून म्हणायचं होतं, सून नाही आणली, हा आणला. ती लटकी रागावली असती, मग हसली असती, आणि दोन वर्षांचं सगळं तिथंच मिटलं असतं. हे सारं मी मनात पुरतं जुळवून ठेवलं होतं.

दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा म्हातारा बसला होता. गडवा मांडीत धरून त्यानं बारीक छिन्नी उचलली आणि आईचं नाव विचारलं. मग म्हणाला, "आधी काय घालू, सौ. का कै.?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तो म्हणाला, "तसं नाही गा, लोक जास्ती करून तेरवीले वाटाले गेलेल्याच्याच नावानं गडवे घेऊन जातात. म्हून इचारलं."

मी त्याला फाडफाड बोललो. माझी आई धडधाकट आहे, असं अभद्र विचारायला तुझी जीभ कशी धजते, वगैरे. खाली मान घालून एकेक ठिपका ठोकत म्हाताऱ्यानं नाव पुरं केलं. आधी सौ. घातलं. तेव्हा तीन वाजत आले होते. मिठाईच्या दुकानातून संत्रा बर्फीचा डबा घेतला आणि स्टँडवर जाऊन पाचच्या गाडीत खिडकीशी बसलो. मी खुशीत होतो, तेही सांगायला हवं.

गावाच्या अलीकडे नदीवर पूल आहे. उन्हाळ्यात तिला घोट्याएवढंच पाणी असतं. पुलाशी गाडी मंदावली, कारण खालून माणसांचा घोळका रस्त्यावर येत होता. ओली धोतरं, उघडी अंगं. मागे रेतीत धूर दिसत होता. गावात कोण गेलं असेल म्हणून मी म्हातारी माणसं आठवू लागलो. पाटलांची आई असेल, नाहीतर देवळाजवळचे बुवा. आईचं नाव माझ्या डोक्यात आलं नाही. मग घोळक्यात पुढे चालणारा एक जण दिसला. नुकतंच डोकं भादरलेला, खांद्यावर ओला पंचा. तो माझा भाऊ आहे हे कळायला मला गाडी पूर्ण थांबावी लागली.

मी खाली कसा उतरलो ते आठवत नाही. बर्फीचा डबा गाडीतच राहिला. भावानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही बाकीच्यांच्या मागे चालू लागलो. पंधरा दिवस ताप होता, त्याची कावीळ झाली, असं तो सांगत होता. आठ दिवसांपूर्वीच तार करायची होती, पण आईच करू देईना. तिनं त्याला शपथ घातली होती, ती शेवटी आदल्या दिवशी तिनंच सोडवली. त्या दिवशी सकाळपासून प्रत्येक एस.टी.चा भोंगा वाजला की ती डोळे उघडायची. दहाच्या गाडीला भाऊ स्टँडवर जाऊन आला, एकच्या गाडीला जाऊन आला. एकच्या गाडीवरून परत आला तेव्हा ती त्याच्या मागे दाराकडे बघत होती. त्यानंतर थोड्याच वेळात संपली. चारच्या गाडीपर्यंत सगळे थांबले. त्यापुढे त्या उन्हात थांबणं शक्य नव्हतं. अग्नी मी द्यायचा, तो त्यानं दिला.

मी मध्येच विचारलं की तार कुणी लिहिली. का विचारलं कोण जाणे. मामांनी, असं उत्तर मला हवं असावं.

"मी लिहिली," भाऊ म्हणाला. "मी तीनच शब्द लिहून तिले वाचून दाखवले. आई म्हणे, एवढ्यानं तो नाही येणार. मागच्या बारीले आपण खोटं बोललो. या बारीले खरंच हाय म्हून लिही, मंग त्याले समजन."

मी चालता चालता थांबलो. त्याला वाटलं मला रडू आलं, म्हणून त्यानं खांद्यावर हात ठेवला. मला रडू आलं नव्हतं. माझ्या बोटांना अजून त्या रश्श्याचा वास येत होता, आणि तो भावाला जाणवेल याची मला भीती वाटत होती.

घरी वडील ओट्यावर बसले होते. ते शाळामास्तर, आयुष्यभर ताठ बसलेला माणूस. त्या दिवशी भिंतीला टेकलेले होते. मी पायांशी बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी लेट झाली का रे?"

मी म्हणालो, "हो."

"उन्हाळ्यात होतेच लेट," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारच्या काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. पोरगा काल रातपासून उपाशी असंन, गाडीत काय खाल्लं असंन यानं, असं म्हणत त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं. मला घास गिळवेना. पोट भरलेलं होतं. सगळ्यांना वाटलं, दुःखानं जेवत नाही. बायका आत एकमेकींना सांगत होत्या की आईवर फार जीव याचा.

तो गडवा मी पिशवीतून बाहेर काढलाच नाही. आजही तो माझ्या कपाटात कपड्यांच्या मागे आहे, सौ. घातलेला. पाणी त्यात कधी भरलं नाही. अशुभ तार आमच्याकडे वाचली की फाडून टाकतात. तीही मी फाडली नाही, गडव्यातच घडी करून ठेवली आहे. वडील त्यानंतर नऊ वर्षं होते. कुणी विषय काढला की ते सांगायचे, रेल्वेनं घात केला, नाहीतर मायलेकाची भेट झाली असती. मी शेजारी बसून ऐकायचो. भाऊ अजून तेच सांगतो.

आई एकदा खोटं बोलली, तेही माझं लग्न व्हावं म्हणून. पुढे मरताना खरं बोलली, तर तिला वर एक शब्द जास्तीचा घालावा लागला, आणि मी नेमका तोच धरून बसलो. वडिलांना मी फक्त 'हो' म्हणालो. खरंच का, असं मला आजपर्यंत कुणीही विचारलेलं नाही.